प्रवासाचा शीण आणि दारातली जनावरं: वाचकांचे प्रश्न

तिरुपतीहून रेल्वेने काल घरी आलो. दोन्ही पावलं सुजलीत, चप्पल घट्ट होतेय. म्हशी आठ दिवस शेजाऱ्यांनी सांभाळल्या, घर बंद होतं. कामाला कुठून लागू? (कागल तालुका)

ताई, म्हशी थांबत नाहीत, बाकी सगळं थांबतं. पहिल्या दिवशी वैरण-पाणी, धार आणि शेणघाण एवढंच करा. प्रवासाचे कपडे बाहेर उन्हात नुसते पसरून ठेवा. भिजवले की ते धुवावेच लागतात, आणि अवघडलेली कंबर पिळण्या-वाकण्यातच धरते. अंथरुणं-गोधड्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढा. शेणाची पाटी आणि पाण्याची घागर दोन दिवस अर्धीच भरा. एक खेप जास्त होईल, होऊ दे.

सूज कशाने आली ते सांगतो. पोटऱ्यांचे स्नायू चालताना पायातलं रक्त वर ढकलतात. तासन् तास पाय लोंबते ठेवून बसलं की हे काम बंद पडतं आणि पाणी घोट्याशी उतरतं. दिवसातून तीन-चारदा 20 मिनिटं आडवं पडून पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. त्याच वेळी पावलं वर-खाली 30 वेळा हलवा. खर्डा, लोणचं, पापड दोन दिवस बाजूला. धार काढताना उकिडवं न बसता उंच पाट घ्या. एक-दोन दिवसांत सूज उतरायला हवी.

एकाच पायाला सूज असेल, पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल तर मात्र त्या पायाला तेल लावून चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ही गुठळी प्रवासानंतर काही आठवड्यांनीही होऊ शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट मोठा दवाखाना गाठा.

आम्ही गावाला गेलो तेव्हा दुसऱ्याने धार काढली. आता म्हैस लाथ मारते, दूध निम्म्यावर आलं. पेंड वाढवू का? (राधानगरी तालुका)

एकदम वाढवू नका. हात बदलला, वेळ बदलली की म्हैस बुजते, आणि बुजलेली म्हैस पान्हा चोरते. दूध कासेत असतं, उतरत नाही. वर दुप्पट पेंड घातली तर पोटात आम्ल वाढून ती वैरणही सोडते. पूर्वीच्याच वेळी, पूर्वीच्याच माणसाने बसावं. आधी आंबोण पुढ्यात ठेवा, कास कोमट पाण्याने धुवा, रेडकू दोन मिनिटं लावा आणि घाई करू नका, म्हशीचा पान्हा गाईपेक्षा सावकाश उतरतो. पहिल्या चार-पाच धारा काळ्या वाटीत घेऊन बघा. गुठळ्या किंवा पाणचट दूध दिसलं, सड कडक लागला तर ती दगडी (कासेची सूज) आहे. पशुवैद्याला बोलवायला संध्याकाळची वाट बघू नका.

मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आलो. सकाळीच कुट्टी करायची होती, पण डोळे मिटतात. चहा घेऊन उरकू का? (करवीर तालुका)

नको. चहाने डोळे उघडे राहतात, हाताची चपळाई पूर्ण परत येत नाही. सलग 17 तासांपेक्षा जास्त जागलेल्या माणसाचा हात दारू प्यायलेल्यासारखा मंदावतो, आणि कडबाकुट्टी यंत्राचे रूळ पेंढीबरोबर बोटंही ओढतात. त्या दिवशी विळ्याने तोडलेलं ओलं वाडं न कापताच घाला, म्हशी थोडं वाया घालवतील. तुम्ही दीड तास झोपा, पण दुपारी तीनच्या आत उठा, नाहीतर रात्रीची झोप जाते. चारनंतर चहा नको. मोटारपंपाची स्टार्टर पेटी आणि ट्रॅक्टरही रात्रभराची झोप झाल्यावरच.

यात्रेहून आल्यापासून आईला (वय 66, रक्तदाबाची गोळी चालू) जुलाब होताहेत. उठताना चक्कर येते, तरी झाडायला उठते. (शाहूवाडी तालुका)

आईंच्या हातातला झाडू आज काढूनच घ्या. अंगातलं पाणी कमी झालं की उभं राहताना रक्तदाब उतरतो आणि माणूस पडतो. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. जलसंजीवनीचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात कालवा, अर्धं पाकीट पेल्यात नको. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून चव बघा: अश्रूंपेक्षा खारट नको. घोट-घोट पाजा, सोबत मऊ भात, ताक. उठताना मिनिटभर कडेला बसवून मग हात धरा. आजची रक्तदाबाची गोळी द्यायची का, हे डॉक्टरांना फोन करून आजच विचारा. काही गोळ्या लघवी वाढवतात. सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, किंवा गुंगी असेल तर घरचे उपाय थांबवून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

आठवडाभर साठलेलं टाकीतलं पाणी चालेल का? (गडहिंग्लज)

गोठा धुवायला चालेल. पिण्यासाठी टाकी रिकामी करून तळ घासा, नवं पाणी भरा आणि ते खळखळून उकळा.