बाईंचा आवाज नेमका कुठे खर्च होत होता?

"मॅडम, खरं सांगा. कॅन्सरच आहे ना?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधी बाईंनी विचारलं. खरं तर त्यातला निम्मा आवाज हवेतच विरला, उरलेलं मी ओठांवरून ओळखलं. मी वाचा-उपचार करते; घसा बसलेली दर दुसरी व्यक्ती मला हा प्रश्न विचारते, कुणी तोंडाने, कुणी नुसत्या नजरेने.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतात. वर पत्रा, मध्ये भिंतीऐवजी फळ्यांचा आडोसा, पलीकडे तिसरीचे पाढे. चार महिने आवाज बसलेला. पोरं म्हणायची, "बाई, तुमचा रेडिओ खरखरतोय." हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं आणि कागदावर लिहिलं: दोन्ही स्वरतंतूंवर गाठी. डॉक्टरांनी साध्या गाठी आहेत असं सांगितलंही होतं, पण आपल्याकडे 'गाठ' म्हटलं की पुढचं कुणाला ऐकूच येत नाही.

मी बाईंना म्हटलं, "गाठ विसरा, घट्टा म्हणा. खुरपं धरून हाताला पडतो तसा." बाईमाणूस बोलतं तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. शाळेच्या एका तासात नुसता पंधरा मिनिटं आवाज काढला तरी हिशोब दीड लाखाच्या वर जातो. ओरडलं की तो मार जोरात बसतो, आणि जिथे सगळ्यांत जास्त बसतो तिथेच, दोन्हीकडे समोरासमोर, घट्टे धरतात. त्यांचा कॅन्सर होत नाही. बहुतेकांना ऑपरेशनही लागत नाही. आणि ओरडणं चालूच ठेवून ऑपरेशन केलं, तर ते पुन्हा येतात.

पण बाईंची भीती अगदीच खुळी होती असं मी म्हणणार नाही. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल, त्यातून तंबाखू-विडीची सवय असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, मानेला गाठ लागत असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर काढे-चाटणं बाजूला ठेवून आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. आवाज बसण्यामागे घशापर्यंत चढणारं आम्लपित्त असतं, थायरॉइड असतो, कधी स्वरतंतूची नसच काम करत नसते. हे बाहेरून ऐकून ठरवता येत नाही, मलाही नाही.

गुळण्यांचं ऐकून बाईंना वाईट वाटलं. गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही, पोहोचलं असतं तर ठसका लागला असता. घशाला शेक मिळतो, बरं वाटतं, इतकंच. त्याहून वाईट म्हणजे, कुणीतरी सांगितलं म्हणून त्या आठवडाभर कुजबुजत बोलत होत्या. जोर लावून कुजबुजलं तर घशाला आरामाऐवजी ताणच पडतो. त्यात खाकरणं. बोलता बोलता मी कागदावर रेघा मारत होते. अर्ध्या तासात अकरा. दर खाकरण्याला दोन्ही घट्टे एकमेकांवर घासतात. "खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्या," एवढंच पहिल्या दिवशी घरी दिलं.

मग स्टीलच्या पेल्यात अर्धं पाणी आणि एक स्ट्रॉ. नळी पाण्यात बुडवायची, ओठ मिटायचे आणि आतून 'ऊऽऽ' म्हणत बुडबुडे काढायचे. बाई लाजल्या. पहिले बुडबुडे थांबत-अडखळत आले, आवाज मध्येच तुटला. दहाव्या मिनिटाला पाणी एकसारखं खदखदू लागलं तेव्हा त्या स्वतःच थबकल्या. नळीमुळे मागे दाब राहतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आदळता हलके थरथरतात. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. वर्गात ओरडण्याऐवजी टाळी, आणि कमरेला लावायचा छोटा स्पीकर.

तीन आठवडे झाले. शाळेतलं सगळं त्या नेटाने पाळत होत्या, तरी संध्याकाळी आवाज पुन्हा बसायचाच. माझा अंदाज चुकला होता. मास्तरीण आली म्हणजे दोष वर्गाचा, असं मी धरून चालले होते. मग आवाज चढवला की एक रेघ मारा, असं सांगून एक वही दिली. आठवड्याने वही उघडली. शाळेच्या बाजूला रोजच्या चार-पाच रेघा. घराच्या बाजूला पान भरलेलं.

"सासूबाईंना ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "जेवायला चला, गोळी घेतली का, सगळं ओरडून." मग थोडं थांबून, "शेजाऱ्यांना वाटतं, मी म्हातारीवर खेकसते." घट्ट्यांबद्दल बोलताना न आलेलं पाणी तेव्हा डोळ्यांत आलं. कोरड्या घशामागे हेही होतं: दिवसभर पोरांची माया करून घरी आल्यावर वाईट सून ठरायचं.

आमची पदवी वाचा आणि श्रवण अशी दोन्हींची असते, ते बरंच. पुढच्या खेपेला आजी आल्या, कुरकुरतच. "मशीन लावायला मी काय म्हातारी झाले?" वय ७८. तपासणीत दोन्ही कान बरेच कमी निघाले. मशीन बसवून मी आवाज जुळवत होते, तेवढ्यात बाईंनी सवयीने विचारलं, "आई, येतंय का ऐकू?"

आजी दचकल्या. "अगं, हळू! केवढ्यांदा ओरडतेस!"

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. एक घट्टा गेला होता, दुसरा जेमतेम दिसत होता. आजी मशीन दुपारी काढून डबीत ठेवतात आणि मग ते सापडत नाही, तेवढ्यापुरती रेघ अजून पडते. खाकरणंही पुरतं सुटलेलं नाही. परवा फोनवर बाई दोनदा खाकरल्या, तेव्हा मी म्हटलं, "घोट घ्या." पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला.