थुंकून टाकलेली मिश्री बाळापर्यंत पोहोचते का?

प्रश्न : माझ्या सुनेला चौथा महिना आहे. पहिल्या खेपेला बाळ दिवस भरण्याआधीच झाले आणि त्याचे वजन जेमतेम दोन किलो भरले. ती दिवसातून तीनदा मिश्री लावते. ही सवय तिला माझ्यामुळेच लागली. ती मिश्री गिळत नाही, थुंकून चूळ भरते. मी तिन्ही बाळंतपणांत मिश्री लावली आणि माझी मुले धडधाकट आहेत. तरी दवाखान्यातील सिस्टर मिश्री बंद करायला सांगतात. खरोखर एवढा धोका आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : होय, धोका आहे, आणि सवय आपल्यामुळे लागली हे आपण मोकळेपणाने लिहिलेत, याचा मला आदर वाटतो. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटिन हिरड्यांच्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात उतरते, त्यामुळे पूड थुंकली तरी उतरलेले निकोटिन परत येत नाही. ते वारेतून बाळाच्या रक्तात जाते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाणही जास्त होते. आपली मुले सुखरूप जन्मली, याचा आनंदच आहे. पण धोका वाढतो म्हणजे प्रत्येक बाळाला इजा होते असे नव्हे, आणि म्हणूनच एका घरच्या अनुभवावरून सुनेच्या बाळाची खात्री देता येत नाही.

मिश्री आजच थांबवावी. चौथ्या महिन्यात थांबवण्याचाही बाळाला फायदा होतो. पहिले काही दिवस चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. त्यासाठी भरपूर पाणी, पालेभाज्या आणि फळे द्यावीत. लोहाच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठता होते आणि शौचाला काळी होते, परंतु तेवढ्यासाठी गोळ्या सोडू नयेत. सासूने तव्यावर तंबाखू भाजायची आणि सुनेने तिच्या वासात राहून मन आवरायचे, हे फार कठीण आहे. म्हणून आपणही तिच्याबरोबर सोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 1800-11-2356 या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते.

मात्र मला मिश्रीइतकीच काळजी तिच्या पहिल्या बाळंतपणाची वाटते, कारण एकदा लवकर प्रसूती झालेल्या स्त्रीला पुन्हा तसे होण्याची शक्यता अधिक असते. ही गोष्ट डॉक्टरांना आताच सांगावी, गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीत पाहावी लागेल का, हे विचारावे आणि नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असलेले रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ओटीपोट वारंवार घट्ट होऊ लागले, पाणी किंवा रक्त गेले, तर त्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी तिला लगेच रुग्णालयात न्यावे.