आई आणि मुलीने मिळून ऐकावं असं हिप-हॉप आहे का?

तुम्ही लिहिलंय की पंधरा वर्षांची लेक दिवसभर हिप-हॉप ऐकते, तुम्हाला त्यात शिव्या आणि पुरुषांची फुशारकीच ऐकू येते, आणि बायकांचं असं काही आहे का जे दोघींनी मिळून ऐकावं. आहे, आणि भरपूर आहे. मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते. माझी लेकही याच वयातून गेली, म्हणून अगदी मनापासून सांगते.

आधी शिव्यांचं. रॅपर क्वीन लतीफा आमच्या इथलीच, नेवार्कची. १९९३ साली तिचं 'युनिटी' आलं. रस्त्यात बाईला 'कुत्री' म्हणणाऱ्या, अंगाला हात लावणाऱ्या, घरात मारहाण करणाऱ्या पुरुषांना ती त्यात तोंडावर जाब विचारते. गुंडगिरीच्या नादी लागलेल्या मुलीलाही सोडत नाही. त्या गाण्याला १९९५ साली ग्रॅमी मिळालं. तुम्हाला जे खटकतं ते तिलाही खटकलं होतं, आणि तिने ते रॅपमधूनच, म्हणजे हिप-हॉपच्या तालावर म्हटलेल्या शब्दांतूनच, सुनावलं.

मुळात रॅपची देशभर गाजलेली पहिली रेकॉर्ड, १९७९ची 'रॅपर्स डिलाइट', काढली ती एका बाईने. सिल्व्हिया रॉबिन्सन. पन्नासच्या दशकापासून गाणारी, सोल या कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीत मुरलेली, चाळिशी ओलांडलेली. नवऱ्याबरोबर तिने शुगर हिल रेकॉर्ड्स ही कंपनी सुरू केली, तीही न्यू जर्सीतच, एंगलवूडला.

एकदा घरात 'किलिंग मी सॉफ्टली' लागलं होतं. मी म्हटलं, हे रॉबर्टा फ्लॅकचं. लेक म्हणाली, नाही आई, लॉरिन हिलचं. दोघींचं खरं होतं. फ्लॅकने दुसऱ्या गायिकेचं हे गाणं विमानप्रवासात ऐकलं आणि १९७३ साली आपलंसं केलं. १९९६ साली फ्यूजीज या हिप-हॉप गटाचं ते लॉरिनच्या आवाजात पुन्हा आलं, तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची होती.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते अरेथा फ्रँकलिनचं १९९८ सालचं 'अ रोज इज स्टिल अ रोज'. अरेथा म्हणजे सोलची सम्राज्ञी. ओटिस रेडिंगचं 'रिस्पेक्ट' हे पुरुषाच्या तोंडचं गाणं. घरी आल्यावर मला मान दे, असं बाईला सांगणारं. अरेथाने १९६७ साली बहिणींना मागे कोरसला घेऊन तेच गाणं बाईच्या तोंडी दिलं आणि त्याचा अर्थच उलटवला. तीस वर्षांनी, पंचावन्नाव्या वर्षी, ती नव्या गाण्यासाठी गेली कोणाकडे, तर बावीस वर्षांच्या लॉरिनकडे! गाणं लॉरिनने लिहिलं, ध्वनिमुद्रण तिच्याच हाताखाली झालं, व्हिडिओही तिनेच दिग्दर्शित केला. प्रेमात फसलेल्या मुलीला एक वडीलधारी बाई समजावते आहे, तू काही कोमेजली नाहीस, गुलाब गुलाबच असतो. हे आईचे शब्द एका तरुण मुलीने लिहिले आणि आईच्या वयाच्या बाईने गायले. थोरांनी द्यायचं आणि लहानांनी घ्यायचं, एवढंच मी तोवर धरून चालले होते. माझी ती समजूत या गाण्याने मोडली.

त्याच वर्षी लॉरिनचा स्वतःचा अल्बम आला, 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'. १९९९च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम तोच ठरला. हिप-हॉपला तो मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला.

अलीकडचं हवं असेल तर नॉर्थ कॅरोलायनाच्या रॅप्सडी या रॅपर बाईचा २०१९चा 'ईव्ह' हा अल्बम घ्या. त्यातल्या प्रत्येक गाण्याला एकेका कृष्णवर्णीय स्त्रीचं नाव आहे. सुरुवात गायिका नीना सिमोनपासून, आणि एका गाण्यात खुद्द क्वीन लतीफा येऊन रॅप करते.

ऐकताना शब्द तुमच्या लेकीलाच विचारा. माझा कान रॅपच्या वेगाला पोचत नाही, लेक गाणं थांबवून थांबवून सांगायची. लॉरिनचं 'टू झायन' असंच ऐकलं, गाडीत. पोटात मूल होतं, लोक सांगत होते की करिअरचा विचार कर, आणि तिने मूल निवडलं. लेकीने हे सांगितलं तोवर आम्ही दुकानाच्या पार्किंगमध्ये पोचलो होतो. गाणं संपेपर्यंत दोघीही उतरलो नाही. मग तिनेच ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं.