बारावीनंतर गणित, भौतिकशास्त्र की अभियांत्रिकी?

गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही आवडतात, सीईटीचे गुणही बरे आहेत, पण घरचे अभियांत्रिकीवर अडून आहेत, असे आपण लिहिले आहे. हे शेवटचे वाक्य नसते, तर मी उत्तराच्या भानगडीत पडलो नसतो.

आमचे गाव हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात. मला गणितात बी.एस्सी. करायची होती, पण "गणित शिकून मास्तरच होशील," एवढे बोलून काकांनी विषय संपवला आणि मी इलेक्ट्रिकलला गेलो. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, हळद पाण्यावर आलेली असताना, विहिरीवरची पाच एचपीची मोटार चालू होईना. बटण दाबले की ती नुसती घुमायची आणि स्टार्टर पडून बंद व्हायची. मोटार कमी पडते असे ठरवून काकांनी साडेसातची आणली, तर तीही तशीच घुमू लागली. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. डीपीपासून (विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून) विहीर ४०० मीटर, केबल तांब्याची पण २.५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे एका तारेचा रोध सुमारे ३ ओहम. पाच एचपीची मोटार चालताना साडेसात अँपिअर घेते, तेव्हाच तीसेक व्होल्ट वाटेत जिरतात. सुरू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते, आणि मोठी मोटार त्याहून जास्त, म्हणजे तेव्हा वाटेत त्याहून कितीतरी जास्त व्होल्ट जिरतात आणि मोटारीला फिरायला पुरेसे उरत नाहीत. ६ चौरस मिलिमीटरची केबल टाकल्यावर जुनीच मोटार चालू झाली. "बघ, इंजिनिअरिंगचा उपयोग झाला की नाही?" काका म्हणाले. वास्तविक त्यात दहावीच्या ओहमच्या नियमापलीकडे फारसे काही नव्हते, पण ते त्यांना आजही पटलेले नाही.

मला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. मोटारीची वीज तीन फेजची, म्हणून त्या हिशेबात तीनचे वर्गमूळ येते. ते कुठून आले असे मी वर्गात विचारले होते, तेव्हा सूत्र पाठ करा, पेपरला तेवढेच येते, असे उत्तर मिळाले होते. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. एका फेजचे २४० व्होल्ट धरून २४० च्या दोन बाजू १२० अंशांच्या कोनात काढल्या की तिसरी बाजू २४० गुणिले तीनचे वर्गमूळ, म्हणजे जवळपास ४१५ भरते, आणि दोन फेजमध्ये तेवढेच व्होल्ट असतात. बांधावर बसून तो त्रिकोण काढला तेव्हा पाटात पाणी आल्याचेही माझ्या लक्षात आले नाही.

कमी खर्चात मोटार चालू करण्यात ज्याला गोडी आहे, त्याने खुशाल अभियांत्रिकी घ्यावी. तांब्यालाही रोध का असतो आणि तापल्यावर तो का वाढतो, यावर ज्याची झोप उडते त्याने भौतिकशास्त्र घ्यावे. मोटार विसरून जो त्रिकोणात रमतो त्याने गणितच घ्यावे, आणि "इंजिनिअरिंगमध्येही गणित असतेच" या समजुतीला भुलू नये. तिथे रीत शिकवतात, सिद्धता क्वचितच. गणितासाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि भारतीय सांख्यिकी संस्था, तर मूलभूत विज्ञानासाठी पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आहे. त्यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात आणि सीईटीच्या गडबडीत अर्जाची मुदत निघून जाते. भौतिकशास्त्राला आपल्याकडे वाव नाही म्हणणाऱ्यांना हिंगोली जिल्ह्यातल्याच औंढा नागनाथचे नाव सांगावे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लायगो वेधशाळेला तिथेच जागा मिळाली असून, २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी मंजूर केले.

एक मात्र कबूल करतो. चार वर्षांत वाळूजला नोकरी लागली आणि त्याच पगारावर बहिणीचे लग्न झाले. शुद्ध विज्ञानात एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षे आणि पुढे पीएच.डी. धरावी लागते, घराला तेवढे थांबणे शक्य नसेल तर माझे वरचे बोलणे अर्धेच धरावे.

काकांचा नातू यंदा बारावीला आहे. त्याला काय आवडते असे मी परवा विचारले, तर "कॉम्प्युटर," असे उत्तर काकांनीच दिले.