सशाच्या शिकारीसाठी बांबूचं धनुष्य केलं, पण दोन-चार बाणांतच मोडलं. काय चुकलं असेल? (सिंधुदुर्ग)

आधी शिकारीचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानसशाची शिकार गुन्हा आहे, मग धनुष्याने करा नाहीतर फासकीने, अगदी स्वतःच्या काजूच्या बागेतही. तो बेत सोडा. निशाणासाठी पेंढ्याचा भारा उत्तम.

मोडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: बांबूची पाठ तासलेली असते. बाहेरची गुळगुळीत बाजू ताण सोसते, म्हणून ती निशाणाकडे ठेवायची आणि तिला कोयता लावायचाच नाही. गाठीसुद्धा साफ सपाट करू नका, तंतू तिथेच तुटतात. तासायचं ते फक्त आतून.

माणगा जातीचा बांबू घ्या, तो जवळजवळ भरीव असतो. तीनेक वर्षांची जून काठी पावसाळा संपल्यावर तोडा, सावलीत दोन-तीन महिने वाळवा. कोवळी किंवा ओली काठी मोडली नाही तरी वाकलेलीच राहते.

उभी चिरून साडेपाच फुटांची पट्टी काढा, मध्ये दीड इंच रुंद, टोकांना अर्धा. दोरी चढवण्याआधी जमिनीवर टेकवून वाकवून बघा. जिथे जास्त वाकते तिथे हात लावू नका, ताठ राहणारा भागच आतून खरवडा. दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत पूर्ण ओढायचं नाही. ही घाई सगळ्यात महागात पडते.

दोरी वाखाची, घट्ट पिळलेली. बाण न लावता ओढून सोडू नका, सगळा झटका धनुष्यालाच बसतो. काम झालं की दोरी उतरवा. पावसाळ्यात चुलीच्या वर, माळ्यावर ठेवा.