कागदी विमान वर चढून आपटतं, ते का?

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. तिचं कागदी विमान फेकलं की वर चढतं, क्षणभर थबकतं आणि नाकावर आपटतं. यात विज्ञान ते काय शिकणार? – एक पालक, चिपळूण

उत्तर : ते थबकणंच तिला नीट बघू द्या. नाक फार वर गेलं की हवा पंखाच्या वरच्या बाजूला धरून वाहत नाही, सुटते; उचल एकदम घटते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात.

आधी फेक तपासा. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, हलकेच पुढे ढकलायचं. चेंडूसारखं भिरकवायचं नाही. तरी तेच झालं, तर दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान तोलून बघा. टोकदार, त्रिकोणी पंखांच्या विमानाचा तोल लांबीच्या मध्याच्या जरा पुढे साधायला हवा. मागे साधत असेल तर नाकाला यू-पिन लावा. ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणारा कागद घ्या; असे १६ ए-फोर कागद म्हणजे एक चौरस मीटर, म्हणून एका कागदाचं वजन ७५ भागिले १६, सुमारे ४.७ ग्रॅम. हा भागाकार मुलीलाच करू द्या. छोटी पिन साधारण अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे विमानाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी. फरक लगेच दिसतो. आता विमान सरळ जमिनीकडेच जाऊ लागलं, तर पंखांच्या मागच्या कडा दोन-तीन मिलिमीटर वर वळवा.

एका वेळी एकच बदल. दर बदलाला पाच फेकी, अंतरं टेपने मोजून वहीत, आणि त्यातलं मधलं धरायचं. सर्वांत लांबची फेक मुलांना प्यारी असते, पण ती बरेचदा वाऱ्याची कमाई. घरातला पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात तुमच्याकडे कागद दमट होतो, घड्या सैल पडतात. तेव्हा दर खेपेला नवा कागद.

‘पंख वरून फुगीर म्हणून विमान उडतं’ हे ठरावीक उत्तर मात्र तिला देऊ नका. कागदाचा पंख सपाटच असतो. तो हवेला थोड्या कोनात भिडून तिला खाली ढकलतो, हवा त्याला वर. न्यूटनचा तिसरा नियम इथे पुरतो.

प्रश्न : माझं विमान दरवेळी डावीकडेच वळतं. – सहावीतला वाचक, अकोला

उत्तर : मागून एक डोळा मिटून बघ. दोन्ही पंख सारखेच वर उचललेले दिसले पाहिजेत. दिसत असतील, तर डाव्या पंखाची मागची कडा नखाने मिलिमीटरभर खाली दाब. उजवीकडे वळू लागलं, तर निम्मी परत घे.