किकर पोरासाठी ४,२०० डॉलरचं रिक्रूटिंग पॅकेज घ्यावं का?

ताई, तुमच्या मेलमध्ये प्रश्न एकच दिसतो पण खरं तर तीन आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हे कुटुंब डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतं, मुलगा अकरावीत म्हणजे ज्युनिअर, लहानपणापासून सॉकर खेळलेला आणि आता शाळेच्या व्हार्सिटी म्हणजे मुख्य फुटबॉल टीमचा किकर, म्हणजे चेंडूला किक मारायचं काम असलेला खेळाडू (आजी-आजोबांना समजवायला बरं, अमेरिकन फुटबॉल असूनही हा खरोखर पायानेच खेळतो). एका रिक्रूटिंग सर्व्हिसने, म्हणजे मुलांची कॉलेजच्या कोचशी गाठ घालून देऊ म्हणणाऱ्या कंपनीने, झूम कॉलवर ४,२०० डॉलरचं पॅकेज सांगितलंय, त्यात प्रोफाइल, व्हिडिओ एडिटिंग आणि 'शेकडो कोचपर्यंत पोच' असं सगळं. वर उन्हाळ्यात तीन राज्यांत किकिंग कॅम्प, विमान आणि हॉटेल धरून ३,५०० डॉलर. मिस्टरांचं म्हणणं, हे ७,७०० डॉलर ५२९ मधून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) काढू, तिथे ६२ हजार पडलेत आणि शेवटी कॉलेजसाठीच तर आहेत. ताईंना पटत नाहीये पण पोराच्या स्वप्नाआड आपण येतोय की काय अशी धाकधूक आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पॅकेज घेऊ नका, ५२९ ला हात लावू नका, आणि कॅम्प करा पण टेक्सासमधलेच आणि तेही निवडून.

आता का ते. सेल्सवाल्याने तुम्हाला सांगितलं की हा 'खर्च नाही, लाखभर डॉलरच्या स्कॉलरशिपवरची गुंतवणूक' आहे. मग गुंतवणुकीसारखंच बघू, म्हणजे परतावा किती आणि मिळायची शक्यता किती. देशभरात हायस्कूल फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास आहेत, त्यातली एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची देशव्यापी संस्था) कुठल्याही डिव्हिजनमध्ये खेळायला पोचतात साधारण सात टक्के, आणि सगळ्यात वरची डिव्हिजन १ म्हणाल तर तीन टक्क्यांच्या आसपास. त्यातही तुमचा मुलगा किकर. लाइनमन (समोरासमोर धडक देणारे खेळाडू) प्रत्येक टीमला डझनाने लागतात, किकर एक चांगला मिळाला की कोच तीन-चार वर्षं दुसरा शोधत नाही, आणि हल्ली शोधलाच तर ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) दुसऱ्या कॉलेजचा तयार, कॉलेजच्या मॅचमध्ये प्रेशरखाली किक मारलेला मुलगा उचलतो. १७ वर्षांच्या पोरावर कोण रिस्क घेणार.

त्यात २०२५ मध्ये नियमच बदललेत. हाउस केसची (खेळाडूंनी एनसीएएवर केलेला खटला) सेटलमेंट जूनमध्ये मंजूर झाली, आता त्यात सामील झालेल्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे वाटता येतात, २०२५-२६ साठी एका कॉलेजची मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर. हे आकडे ऐकून घरोघरी आईवडिलांचे डोळे चमकतात पण तो पैसा मुख्यतः क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) आणि मोठ्या नावांकडे जातो. तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी मोठ्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्याच्या वर स्कॉलरशिप नसलेली कितीतरी मुलं वॉक-ऑन म्हणून टीममध्ये असायची, आता सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपवर मर्यादा नाही पण अख्ख्या रोस्टरवर, म्हणजे टीममधल्या एकूण मुलांवर आहे, १०५ मुलं, बास. किकर मंडळी बहुतेक वेळा वॉक-ऑन म्हणूनच आत शिरायची आणि मग दोन वर्षांनी स्कॉलरशिप मिळवायची. तोच दरवाजा आता अरुंद झालाय. हे त्या झूम कॉलवर कोणी सांगितलं नसणार.

खाली उतरलो तर डिव्हिजन २ मध्ये अख्ख्या फुटबॉल टीमला मिळून जास्तीत जास्त ३६ पूर्ण स्कॉलरशिपांइतका पैसा, तो शंभरेक पोरांत तुकडे करून वाटतात, किकरच्या वाट्याला येतील पुस्तकांचे पैसे किंवा थोडी ट्यूशन. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायचीच नाही असा नियम आहे, आयव्ही लीगमध्येही नाही.

तुम्ही पाठवलेले आकडे बघितले. मॅचमधली सगळ्यात लांबची फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक) ४४ यार्ड, किकऑफ (खेळ सुरू करायची किक) साधारण ५५ यार्डांपर्यंत. पोराची मेहनत दिसतेय, पण कॉलेजात किकऑफ ३५ यार्ड लाइनवरून होते, म्हणजे नुसतं गोल लाइनपर्यंत पोचायला ६५ यार्ड लागतात, आणि डिव्हिजन १ चे कोच तिथे चार सेकंदांच्या आसपास हँग टाइमही (चेंडू हवेत राहण्याचा वेळ) मागतात. वर्षभरात ताकद वाढेल, वाढू शकते, पण आज तो डिव्हिजन ३ आणि काही डिव्हिजन २ च्या कॉलेजांसाठी बघण्यासारखा मुलगा आहे. ही वाईट बातमी अजिबात नाही, पुढे बघा.

आधी त्या पॅकेजचं एकदा संपवतो. कोच मुलं शोधतात कशी? व्हिडिओ बघून, शाळेच्या कोचला फोन करून, आणि आपल्या कॅम्पवर प्रत्यक्ष बघून. व्हिडिओसाठी हडल नावाचं ऑनलाइन सॉफ्टवेअर आहे, तुमच्या शाळेकडे ते बहुधा आधीपासूनच असेल, त्यात तीनेक मिनिटांची क्लिप पोरगा स्वतः एका संध्याकाळी बनवेल. किकरच्या व्हिडिओत संगीत आणि ग्राफिक्स नकोत, सलग न कापलेल्या किक हव्यात, म्हणजे दहा मारल्या त्यातल्या दोन चुकल्या तर त्या दोन्हीही दिसू देत, कोचला त्यावरच विश्वास बसतो. आणि फील्ड गोल जमिनीवरून मारलेली हवी, कॉलेजात त्यासाठी टी (चेंडूखाली ठेवायचा छोटा ठोकळा) चालत नाही. मग स्पेशल टीम्सच्या (किक वगैरे सांभाळणारी तुकडी) कोचचा मेल, तो कॉलेजच्या अॅथलेटिक्सच्या साइटवर असतो. त्यात पासआउट वर्ष, उंची, वजन, जीपीए (मार्कांची सरासरी), व्हिडिओची लिंक, शाळेच्या कोचचा नंबर, पाच ओळी, आणि मेल पोराने लिहायचा, बाबांनी नाही!! बाबांचे मेल कोच लांबूनच ओळखतात. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मोठ्या कॉलेजांचे कोच हायस्कूलच्या वाऱ्या करतात, टेक्सासमध्ये तर रांग लागते, त्यांच्या हातात कोणाची नावं द्यायची ते तुमच्या शाळेचा कोच ठरवतो, रिक्रूटिंग सर्व्हिस नाही. तेव्हा पोराने आत्ताच त्यांच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारावं की कोच, मी कुठल्या लेव्हलचा आहे, खरं सांगा. हा सल्ला फुकट आहे आणि ४,२०० डॉलरच्या 'इव्हॅल्युएशन'पेक्षा प्रामाणिक असतो.

सर्व्हिस अगदीच निरुपयोगी असते असं नाही म्हणत. ज्या घरात कोणाला वेळच नाही, शाळेचा कोच लक्ष देत नाही, तिथे कोणीतरी वेळापत्रक लावून देणं कामाचं असतं. पण तुमचा मुलगा ३.८ जीपीएवाला, स्वतःचं स्वतः करणारा, त्याच्या मेलला उत्तर येत नसेल तर त्यांच्या मेललाही येणार नाही. आणि ते हप्त्याचं प्रकरण, महिना ३५० डॉलर, त्यातली कॅन्सलेशनची अट मी वाचली, सही केल्यावर मुलाला दुखापत झाली किंवा त्याने खेळ सोडला तरी पूर्ण रक्कम द्यायची आहे. एवढ्या एका वाक्यावरच मी नाही म्हटलं असतं.

घरी आलेली ती पत्रं, 'आम्ही तुमच्या मुलाला फॉलो करतोय, आमच्या कॅम्पला या' वगैरे, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. कॅम्पची जाहिरात आणि क्वेश्चनेअर कॉलेज कधीही, कोणालाही पाठवू शकतं. डिव्हिजन १ च्या कोचने मुलाला नाव घेऊन वैयक्तिक मेसेज करायला परवानगी आहे ती ज्युनिअर वर्षाच्या १ सप्टेंबरपासून. ती तारीख उलटून गेलीय, तेव्हा आता एकच बघायचं, कोणी कोच स्वतःहून त्याच्या किकबद्दल काही लिहितोय का. नसेल तर ते पत्र म्हणजे लग्नाच्या हॉलचं माहितीपत्रक, आलं म्हणजे स्थळ आलं असं नाही.

कॅम्पचं म्हणून सांगतो, जूनमध्ये कॉलेजच्या मैदानावर होणारे एकदिवसीय कॅम्प शंभरेक डॉलरच्या आत-बाहेर असतात. तुमच्यापासून शर्मनचं ऑस्टिन कॉलेज तासाभरावर आहे, जॉर्जटाउनचं साउथवेस्टर्न आणि सॅन अँटोनियोचं ट्रिनिटी गाडीने जाता येतं, विचिटा फॉल्सला मिडवेस्टर्न स्टेट आहे डिव्हिजन २ चं. आधी कोचला मेल, उत्तर आलं तरच कॅम्प. तीन-चार कॅम्प, पेट्रोल, एखादी रात्र मोटेलमध्ये, आणि एखाद्या किकिंग कोचकडे पाच-सहा सेशन्स, सगळं मिळून १,५०० डॉलरचं बजेट ठरवा आणि ते महिन्याच्या खर्चातून द्या. विमानाने जाऊन स्टार रेटिंग मिळवायचे कॅम्प यंदा नकोत, किकऑफ ६० च्या पुढे गेली तर डिसेंबरात परत बोलू.

५२९ बद्दल मिस्टरांना हे वाचून दाखवा. रिक्रूटिंग सर्व्हिस, खेळाचे कॅम्प, त्याचा प्रवास, यातलं काहीही ५२९ च्या मान्य खर्चात बसत नाही. २०२५ च्या जुलैत कायदा बदलून शाळेच्या पातळीवर ट्यूटरिंग, कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांच्या फिया असं बरंच आत घेतलंय, पण किकिंग कोच म्हणजे ट्यूटर नव्हे. मान्य नसलेल्या खर्चासाठी काढलं तर त्यातल्या नफ्याच्या भागावर इन्कम टॅक्स आणि वर १० टक्के दंड. तुमच्या खात्यात साधारण ४० टक्के नफा आहे, म्हणजे ७,७०० काढले तर ३,०८० वर २२ टक्क्यांनी ६७८ आणि दंड ३०८, जवळपास हजार डॉलर फुकट गेले. टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणून एवढ्यावर सुटतंय.

आणि तुमची उलटी भीती, की खरंच स्कॉलरशिप मिळाली तर ५२९ चे पैसे अडकतील, तीही सोडा. स्कॉलरशिपच्या रकमेइतके पैसे काढले तर १० टक्के दंड लागत नाही, फक्त नफ्यावर टॅक्स. उरले तर, खातं १५ वर्षं जुनं असेल तर, दरवर्षीच्या मर्यादेत राहून मुलाच्याच रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीचं खातं) आयुष्यभरात ३५ हजारांपर्यंत वळवता येतात, त्यासाठी त्या वर्षी त्याची स्वतःची कमाई मात्र हवी. शिवाय राहण्या-जेवणासाठी मिळालेली स्कॉलरशिप मुलाच्या नावावर करपात्र धरतात, तेव्हा तो खर्च ५२९ मधून केलेला बरा, हे त्या वर्षी विसरू नका.

आता खरा पैसा कुठे आहे ते. तुमच्या मुलाचं सगळ्यात मोठं नाणं ३.८ जीपीए आहे, ४४ यार्डांची किक नाही. एनसीएएला डिव्हिजन १ साठी १६ कोअर कोर्स (ठरवून दिलेले मुख्य विषय) आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो, त्याच्या तो कितीतरी पुढे आहे (तरी कोअर कोर्सची यादी काउन्सेलरकडून तपासून घ्या, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत झालेले लागतात आणि नंतर ते सुधारता येत नाहीत). डिव्हिजन ३ ची खाजगी कॉलेजं खेळासाठी एक डॉलर देत नाहीत पण मार्कांसाठी भरपूर देतात, आणि कोचला हवा असलेला मुलगा असेल तर तो प्रवेशाच्या ऑफिसात शब्दही टाकतो. यादीतली किंमत वर्षाला साठ हजारांच्या वर दिसते, मेरिट वजा जाता बरीच खाली येते, कधी टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या जवळपास, कधी नाही. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो ठेवणं त्यांना बंधनकारकच आहे, ह्या शनिवारी चार कॉलेजांचे आकडे काढा आणि यूटी ऑस्टिन किंवा ए अँड एमचा राहण्या-जेवणासकटचा साधारण तीस हजारांचा खर्च शेजारी लिहा. मुलगा शाळेत वरच्या दहा टक्क्यांत असेल तर टेक्सासच्या कायद्याने सरकारी कॉलेजचा प्रवेश जवळजवळ पक्का, यूटी ऑस्टिनची अट त्याहून कडक आहे एवढंच. तुमच्या घरात सगळ्यांची आवडती यूटी डॅलस मेरिटसाठी उत्तम, पण तिथे फुटबॉल टीमच नाही, तेव्हा ह्या वर्षी त्याच्याशी एकदा बसून विचारा की चार वर्षं खेळायचंय की शुक्रवारच्या शाळेच्या मॅचची मजा बारावीत संपली तरी चालेल. हे उत्तर तुम्ही किंवा मी द्यायचं नाही.

तुमचं ग्रीन कार्ड आलंय म्हणून फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरता येईल. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलं असलेल्या वाचकांनी लक्षात ठेवा, त्यांना फेडरल मदत मिळत नाही, आणि खेळाडूंना मिळणारे नाव-चेहऱ्याचे पैसे एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर घेणं म्हणजे व्हिसा धोक्यात घालणं, तिथे आधी इमिग्रेशन वकील.

शेवटचं. उन्हाळ्यानंतर एखादा डिव्हिजन ३ चा कोच म्हणेल, आम्हाला तू हवास, अर्ली डिसिजनला अर्ज कर. पोरगा हवेत जाईल. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, मिळालं की बाकी कॉलेजांचे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे किंमत घासायची संधी तिथेच संपते. तेव्हा त्या कोचला आधी सांगायचं की प्रवेश आणि आर्थिक मदत, दोन्हीचं प्री-रीड (अर्जाआधीची प्राथमिक तपासणी) करून द्या, आणि आकडा लेखी येईपर्यंत अर्जावर कोणाचीच सही नाही, पोराचीही नाही आणि तुमचीही. तोंडी ऑफरला कुठल्याच डिव्हिजनमध्ये काही किंमत नसते. तो आकडा आला की मला पाठवा.